खालील वस्ती : शून्य

१

दुपारी दीडला ओटा पुसला, गॅसचं बटण दोनदा तपासलं, की मी धाकट्या खोलीतल्या दिवाणावर आडवी होते. झोप लागत नाही. पण आडवं व्हायचं आणि ऐकत राहायचं, हा माझा वीस वर्षांचा नेम. कर्वेनगरातली आमची सोसायटी जुनी. बी-विंगेत तर वर कुणी पापड मोडला तरी खाली कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. टाकी साफ करायची असते तेव्हा "सुहासिनीताई, कोण घरी आहे, कोण गावाला गेलंय?" हे विचारायला सेक्रेटरी माझ्याच दारात उभे राहतात. तेव्हा नाही कुणाला भोचकपणा आठवत.

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, वैरागडे राहतात. बद्रीनाथ वैरागडे. मूळचे चंद्रपूरकडचे. सरकारी खात्यात बंधाऱ्यांची कामं करून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, आता खाजगी कंपन्यांना अहवाल लिहून देतात. बायको, दीपमाला, गेल्यापासून एकटेच. त्यांची दुपार मला पाठ आहे. दोनला ताट सिंकमध्ये. मग टेबलापर्यंत बारा पावलं, डावी चप्पल जरा घासत. मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

मे महिन्यातल्या एका सोमवारी ताट वाजलं. खुर्चीही ओढली गेली. मधली बारा पावलं मात्र आलीच नाहीत.

मी उठून बसले. आता हा माणूस सिंकपासून खुर्चीपर्यंत उडत गेला का? वर बघितलं, तर पंख्याच्या बाजूला भाकरीएवढा ओला डाग. राखाडी.

"झालं!" मी म्हटलं. "अहो, ऐकलंत का? वरून गळतंय."

आमचे हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. म्हणाले, "नळाला पाणी एक दिवसाआड येतंय आणि तुला छतातून रोज येतंय. नशीबवान आहेस."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. मी डागाखाली बादली ठेवली. पहिला थेंब पडला आणि मला वास आला. गळक्या संडासाचा नाही, शेवाळाचाही नाही. आजोळी रात्रीची जेवणं झाली की मामी चुलीवर तांब्याभर पाणी ओतायची, तेव्हा जो यायचा, तो. विझवलेल्या चुलीचा.

२

मी तक्रारीला रिकाम्या हातानं जात नाही. कैरीची डाळ वाटीत घातली आणि वर गेले.

वैरागड्यांनी दार उघडलं. भर मे महिन्यात पायांत लोकरी मोजे. एकावर एक दोन जोड.

"या वहिनी. पण हळू या."

"हळू म्हणजे? मी काय हत्ती आहे?"

"तसं नाही हो. पाय हलका टाका, एवढंच." आणि ते स्वतः असे चालत गेले, जसं काही घरात पाळण्यात मूल निजलंय.

मोरी दाखवली. कोरडी. संडास कोरडा. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली मी स्वतः हात घालून बघितला. जाळी होती कोळ्याची, ओल नव्हती. माझा पारा चढला. "मग माझ्याकडे येतंय ते काय गंगाजल आहे?"

त्यांनी चष्मा काढला. "वहिनी, एक सांगा. पाणी स्वच्छ येऊन राहिलं, का गढूळ?"

"मी तक्रार द्यायला आलेय वैरागडे, परीक्षा द्यायला नाही."

"सांगा ना."

"गढूळ. राखाडी."

ते खुर्चीत बसले आणि दोन्ही पाय उचलून त्यांनी पुढच्या स्टुलावर ठेवले. "मातीचा बांध पाझरतेच," ते म्हणाले. "स्वच्छ पाझरला तर काळजी नाही. गढूळ आलं की समजायचं, पाणी आतून माती सोबत घेऊन येऊन राहिलं. आतून पोकळ होऊन राहिलं."

"अहो, हा स्लॅब आहे. सिमेंटचा. बांध कुठून आला?"

"हो ना," ते म्हणाले आणि फरशीकडे बघत राहिले.

टेबलभर फोटो आणि नकाशे पसरले होते. आता टेबलावर पसरलेलं दिसतं तर माणूस बघणारच. त्यांनी सांगितलं तेही: त्यांच्याकडच्या एका वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्याची राख पाण्यात कालवून नळातून दूर सोडतात, आणि ती वाहून जाऊ नये म्हणून भोवती मातीचा बांध घातलेला आहे. फोटोत ते राखेचं तळं एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नव्हता. या बांधाला धोक्याचा वर्ग द्यायचं काम वैरागड्यांकडे होतं.

"म्हणजे बांध पक्का की कच्चा, एवढंच ना?" मी विचारलं.

"नाही. सगळे हेच समजतात. बांध कसा आहे हा वेगळा कागद. वर्ग कशावर ठरते, तर तो फुटला तर खाली कोण आहे. खाली कोणीच नसेल तर वर्ग कमी. माणसं असतील तर वर्ग जास्त, मग बांध कितीही पक्का असो. वर्ग जास्त आला की कंपनीला भोंगा बसवावा लागते, लोकांना पळायची वाट आखून द्यावी लागते, पावसाळ्यात रोज पहारा."

"शहाणपणाचं आहे," मी म्हटलं. खरंच वाटलं मला.

सगळ्यात वरच्या कागदावर एक चौकट होती. 'खालील वस्ती'. पुढे त्यांच्या सुबक अक्षरात 'शून्य'. खाली सहीची जागा कोरी.

"शुक्रवारी चारपर्यंत पाठवायचा आहे," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

३

मंगळवारी सकाळी बादली अर्धी भरली होती. वर दोन बोटं नितळ पाणी, खाली राखाडी साका. इतका बारीक की चिमटीत धरला तर कळू नये. मी पाणी ओतून दिलं. खालचं घट्ट बसलं होतं, ओल्या शाडूसारखं. बोट टेकवून पाहिलं तर ठसाही उमटला नाही. म्हटलं, बरं झालं, कुंड्यांत घालू.

बादली उचलली. कडी हातातून जराशी निसटली आणि बूड फरशीवर आपटलं. एवढंसं, ठक्क.

आणि ते घट्ट बसलेलं सगळं एका क्षणात पातळ झालं. पाणी झालं. काठावरून उसळून माझ्या पायांवर, दिवाणाखाली, दाराच्या फटीतून थेट बाहेरच्या खोलीत गेलं. कुणीतरी बोलावल्यासारखं धावत गेलं.

"सुहासिनी!" हे ओरडले. "पेपर भिजला!"

मी तासभर पुसत होते. हात पुसत होता आणि डोकं दुसरीकडे होतं. वैरागड्यांचे मोजे. पाय हलका टाका. आपटलं की ते पातळ होतं, हे त्यांना माहीत होतं. बरं, माहीत असेल. इंजिनिअर आहेत, माती-राखेच्या बांधांत आयुष्य गेलं. पण ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या फरशीवर पाय जपून का टाकत होते?

४

बुधवारी मी प्लंबर बोलावला. बुद्धभूषण विश्रांतवाडीहून येतो, लांब पडतं त्याला, पण आमच्या सोसायटीतला नळ न नळ त्याला ठाऊक आहे. घरी दोन मुली, धाकटीला दहावीत शहाण्णव टक्के. वायफळ बोलत नाही.

वर जाऊन त्यानं मोरीची फरशी फोडली. वैरागडे प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. आत कोरडं ठणठणीत. मग खाली येऊन तो शिडीवर चढला, डागाच्या कडेचा गिलावा खरवडला. पाणी थेंबथेंब गळतंय, आणि गिलाव्याच्या आत स्लॅब कोरडा.

"काकू, हे पाणी कुठून येतंय तेच कळेना."

"तुला पैसे कळण्याचेच देतात ना?"

तो हसला नाही. त्यानं छताला कान लावला. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकायची त्यांची ती पद्धतच असते. बराच वेळ लावून ठेवला. मग खाली उतरला, हात पुसले, आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

"अरे, काय झालं?"

"काकू, वरच्या साहेबांकडे पाहुणे आलेत का?"

"कुणी नाही. एकटा जीव."

"कोंबड्या?"

"कर्वेनगरात? तिसऱ्या मजल्यावर?"

त्यानं शिडी मिटली. "माझ्या आजीच्या गावाला, दुपारची भांडी घासतात ना बायका ओळीनं, राखेनं... तसला आवाज आहे. वर नाही, काकू. वर मी आत्ताच जाऊन आलो, वर शांत आहे. आणि इथं खाली आपण दोघं." त्यानं अंगठा आणि बोट यांच्यात पाच-सहा इंचांचं अंतर दाखवलं. "एवढ्यात आहे."

आल्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. हे म्हणाले, "प्लंबरनं पैसे नाकारले? मग तुझं घर खरंच झपाटलंय."

तो गेल्यावर मी शिडीवर चढले. या वयात चढायला नको, ठाऊक आहे. कान लावला. छत गार होतं.

सी-विंगेतला टीव्ही असेल, मी मनाशी म्हटलं. पाइपातून आवाज कुठून कुठे जातात. शिवाय डॉक्टरांनी माझी बीपीची गोळी बदलली आहे. आत एक भांडं दुसऱ्यावर पालथं पडलं. एक म्हातारा खोकला, थांबला, पुन्हा खोकला. एक कोंबडी पिलांना बोलवत होती. आणि कुणीतरी बाई हलक्या आवाजात लेकराला रागवत होती, शब्द कळत नव्हते, पण रागावणं कळतंच ना. ते सगळीकडे सारखंच असतं.

५

मी तशीच वर गेले. हातात वाटीबिटी काही नाही.

"फोटो दाखवा," मी म्हटलं. "त्या शून्याचे."

वैरागड्यांनी 'कशाला' असं विचारलं नाही. बांधाच्या पायथ्याचे फोटो काढून दिले. त्यांना त्यांत काय दिसलं असेल देव जाणे. मला घरं दिसली.

"अहो, या झोपड्या आहेत!"

"रिकाम्या आहेत."

"कुणी सांगितलं?"

"मी स्वतः गेलो ना फेब्रुवारीत. हाका मारल्या. चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद."

त्या वेळी मला जो राग आला तो मी इथं तसाच लिहीत नाही. "दार बंद म्हणजे घर रिकामं? चाळीस वर्षं नोकरी केलीत आणि हे शिकलात? हे बघा. दाराला काटेरी फांदी आडवी लावलीय. टाकून गेलेल्या घराला कोण काटे लावतं? हे जातं पालथं घातलंय, पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून. हा कोंबड्या झाकायचा झाप वळचणीला टांगून ठेवलाय. दोरी सोडली नाही, नुसती गुंडाळलीय. भिंत सारवून गेलेत, वैरागडे! मी गावाला जाते तेव्हा फ्रिज पुसून जाते ना, तसं. परत यायचंय म्हणून."

ते फोटोकडे बघत होते. मोज्यातले पाय स्टुलावर जवळ घेतलेले.

"मिरची तोडायला जातात," ते हळूच म्हणाले. "तेलंगणात. संक्रांत झाली की सगळं बिऱ्हाड घेऊन. एप्रिल संपता संपता परत येतात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"लहानपणापासून ठाऊक आहे. आमच्याच भागातले आहेत. पण वहिनी, फॉर्मात लिहिलं आहे 'पाहणीच्या दिवशी'. आणि पाहणी कोरड्या दिवसांतच करतो आम्ही. तेव्हाच बांधावर चालता येते, गाडी जाते. त्या दिवशी कोणी नव्हतं. मी खोटं लिहिलं नाही."

"मग आता खरं लिहा. शून्य खोडा. आज ते आलेत परत, पाऊस तोंडावर आहे, आणि त्यांच्या डोक्यावर ते तळं. भोंगा नाही, वाट नाही. फोन करा कुणाला तरी तिथं, डोकी मोजायला सांगा."

"नंबर कोणाचा घेणार? भेटलंच कोणी नाही."

मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. एका कप्प्यात फायली उभ्या होत्या. "बावीस बांध आहेत माझ्या सहीचे. सगळे जानेवारी-फेब्रुवारीत पाहिले. हा एक आकडा बदलला, की विचारतील, बाकीचे कसे मोजले?"

मी फायली मोजायला लागले. तेवढ्यात आमच्या दोघांच्या पायाखाली, फरशीच्या आत, कुणीतरी घागर जमिनीवर ठेवली.

वैरागड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"सोमवारपासून," ते म्हणाले. "कागद भरायला बसलो तेव्हापासून. वरून नीट कळत नाही. दबलेलं येते. मी पाय टाकला की सगळे एकदम चूप होतात."

६

"मोजते मी," मी म्हटलं. "खालून नीट कळतं. तुम्ही शून्यावर सही करणार आणि मी जन्मभर छतातली भांडी ऐकत बसणार, हे मला परवडायचं नाही. मी आकडा देते, तुम्ही लिहा. वर्ग जास्त. शुक्रवारी चारच्या आत. कबूल?"

"आणि बाकीचे एकवीस?"

"आधी हा एक."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "कबूल." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मऊ भात पाठवते वरण घालून, खाऊन घ्या. उपाशी माणसाच्या हातून धड काही लिहून होत नाही.

गुरुवारी दुपारी मी वही घेऊन दिवाणावर आडवी झाले. डाग आता दारापर्यंत पोचला होता. ह्यांनी एकदा डोकावून पाहिलं. "काय लिहितेयस?"

"खानेसुमारी."

"कुणाची?"

"तुम्ही झोपा."

मोजायचं कसं, ते मला कुणी शिकवायला नको. प्रत्येक चुलीचा आवाज वेगळा. एका घरात भाकरी थापताना बांगड्या वाजत होत्या, शेजारच्या घरात थापणारीच्या हातात बांगडी नव्हती. एका घरी म्हातारा खोकणारा, दुसऱ्या घरी दमेकरी, दोन वेगळे. पाळणा एक, दोन, तीन. एका कोपऱ्यात नवराबायको भांडत होती, अगदी दबक्या आवाजात, आमच्यासारखीच. मी खुणा करत गेले. खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यावर आंबेवाला ओरडत होता, आणि मी छताकडे बघत माणसं मोजत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. खरं सांगायचं तर मला ती माणसं आवडायला लागली होती. बांगड्यांवालीचं नाव मी मनातल्या मनात वेणूबाई ठेवलं.

एकेचाळीस चुली झाल्या. एकशे त्र्याहत्तर माणसं, दहा-पाच इकडेतिकडे.

शेवटचा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं, तेवढ्यात वरचं सगळं थांबलं. बांगड्या, पाळणे, खोकला. एका दमात. वैरागड्यांनी पाय टाकला असेल म्हणून मी कान दिला, पण ते चालत नव्हते.

मी तशीच पडून राहिले. आणि मला वाटलं, उगाच वाटलं असेल, की आता तिकडून कुणीतरी कान लावलाय.

७

आज शुक्रवार. ह्यांना कात्रजला बहिणीकडे जायचं होतं. जेवून निघाले. माझी झोप मोडू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. ही ह्यांची जुनी खोड. मी आत असताना कुलूप लावू नका, हे पंचवीस वर्षं सांगतेय. म्हणतात, "तुझीच सोय. विक्रेते येत नाहीत." दुसरी किल्ली ह्यांच्याच जुडग्यात.

साडेतीनला मी वैरागड्यांना फोन केला. वर वाजलेला मला ऐकू आला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. तेव्हा उचलला.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "एकेचाळीस घरं. एकशे त्र्याहत्तर. लहान मुलंच पस्तीस धरा."

"वहिनी," ते म्हणाले, "मी सकाळपासून बावीस फायली काढून बसलो."

"अहो, तुम्ही कबूल केलंत."

"बावीसच्या बावीस. प्रत्येक फोटोत दार बंद आहे. प्रत्येक दाराला काटे."

"मग बावीस पत्रं लिहा! मी बसते ना तुमच्या शेजारी. पण आधी हा आकडा घाला. वैरागडे?"

फोन बंद झाला.

मग पावलं आली. मोज्यांतली नाहीत. बूट घातलेली, टाचा आपटणारी, ऑफिसला निघाल्यासारखी. खुर्चीपासून टेबलाच्या पलीकडे. एक, दोन, तीन. प्रत्येक पावलाला माझ्या छतावरचा डाग थरथरत होता, दुधावरची साय हलते तसा. मी ओरडले, "अहो, हळू!" चौथं. पाचवं. छापायच्या यंत्रातून कागद बाहेर आल्याची घरघर. मग काही नाही, एवढाच वेळ, जेवढा एका सहीला लागतो.

गळणं थांबलं. पाच दिवसांत पहिल्यांदा बादलीत थेंब पडेना. मी वर बघितलं. मधोमध छत खाली झुकलं होतं. फार नाही, ओली चादर दोरीवर झुकते एवढं. आणि त्याच्या आत, माझ्या डोक्यावरून, काहीतरी सरकत होतं. एक जागा दाबली जायची, मग पुढची. कुणीतरी हातानं चाचपत होतं. बांगड्या वाजल्या.

"खाली कोनी रायते का वं?" बाईचा आवाज. बेताचा, काळजीचा. शेजारणीला विचारावं तसा. आपल्या घरातलं सांडलं तर खाली कुणाच्या अंगावर जाईल का, असा.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी उत्तर आलं. ते वरून आलं नाही. माझ्या बंद दाराच्या बाहेरून, जिन्यावरून आलं. वैरागड्यांचा आवाज. शांत, सरकारी, हातात पॅड धरून उभ्या असलेल्या माणसाचा.

"नाही. दाराला कुलूप आहे."

"आहे!" मी ओरडले. "मी आहे आत! अहो वैरागडे, मी, सुहासिनी!" लाटणं घेऊन दारावर बडवलं. पहिल्या घावाला डागातून राख भुरभुरत खाली आली. दुसऱ्याला छत आणखी झुकलं. तेव्हा कळलं की बडवायचंही नाही. हाका मारायच्या त्याही हळू.

दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यावर ते पाठमोरे होते. बुटांपासून गुडघ्यापर्यंत सगळं राखाडी. त्यांच्या पुढे पायऱ्यांवर माणसं बसली होती, किती ते दिसलं नाही. सगळ्यांची तोंडं माझ्या दाराकडे. वाट बघत असल्यासारखी. मग भिंगावर काहीतरी आलं आणि दिसेनासं झालं. ओलं होतं.

मी ह्यांना फोन लावतेय, कात्रजच्या घाटाकडे रेंज नाही. सेक्रेटरी उचलत नाहीत. बुद्धभूषणनं उचलला, म्हणाला, "काकू, निघालो," पण विश्रांतवाडीहून तास लागतो. म्हणून ओट्यापाशी उभी राहून, पाय न हलवता, हे खानेसुमारीच्या वहीतच पुढे लिहितेय. एकेचाळीस घरांच्या पुढची पानं कोरी होती, त्यांत बेचाळिसावं घर हे.

बी-विंग, दुसरा मजला, सहा नंबर. माणसं दोन. त्यातलं एक आत्ता आत आहे. दार बंद आहे, घर रिकामं नाही. कुणीही वाचा, पण आधी लिहून घ्या.